दहा वर्षांनंतर पुन्हा वॉर्डात

१. प्रश्न साधा, उत्तरं टोकाची

जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग झालेली, पाच-सात वर्षं वॉर्डात काढलेली एखादी नर्स बाळंतपण, मुलांचं संगोपन, सासू-सासऱ्यांचं आजारपण किंवा नवऱ्याची बदली अशा कारणानं घरी थांबते. मुलं मोठी होतात, घराचा हप्ता वाढतो, मनात कामाची ओढ असतेच. मग एक दिवस प्रश्न उभा राहतो: ‘मला आता जमेल का?’ घरातून आणि शेजारून त्याला दोन उत्तरं मिळतात. ‘इतक्या वर्षांत सगळं विसरली असशील, आता कशाला?’ हे एक. ‘पोहणं आणि सायकल कोणी विसरतं का? जा आणि हजर हो,’ हे दुसरं. पहिल्या उत्तरानं शिकलेलं माणूस घरी बसतं. दुसऱ्या उत्तरानं ते कोणत्याही तयारीविना रात्रपाळीला उभं राहतं आणि त्याची जोखीम रुग्णाच्या वाट्याला येते.

दोन्ही उत्तरं एकाच कारणानं चुकतात. नर्सिंग हा एकच अखंड गोळा आहे, तो एक तर सगळा टिकतो किंवा सगळा जातो, असं ती धरून चालतात. प्रत्यक्षात नर्सच्या कामात शेकडो वेगवेगळी कौशल्यं असतात आणि काळाचा परिणाम प्रत्येकावर वेगळा होतो. काही टिकून राहतात, काही गंजतात. काहींचं तर असं होतं की नर्सच्या डोक्यात ती जशीच्या तशी शाबूत असतात, पण दरम्यान वॉर्डातली पद्धतच बदललेली असते. राहतं, गंजतं, बदलतं अशा या तीन खणांत कामाची वाटणी केली की ‘जमेल का’ या प्रश्नाला नेमकं उत्तर देता येतं. या प्रकरणाचं म्हणणं असं आहे की परतणाऱ्या नर्सला खरा धोका विसरलेल्या गोष्टींचा नसून पक्क्या आठवणाऱ्या, पण आता बदललेल्या गोष्टींचा असतो. पुनरागमनाची व्यवस्था हा धोका समोर ठेवूनच उभारायला हवी.

२. नोंदवहीतल्या नर्स आणि वॉर्डातल्या नर्स

हा प्रश्न एका घरापुरता नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार २०२३ मध्ये जगभरात सुमारे २ कोटी ९८ लाख नर्स होत्या, तरीही ५८ लाखांची कमतरता होती. या व्यवसायात दहापैकी आठाहून अधिक जणी स्त्रिया आहेत. त्यामुळे संसारासाठी नोकरीत पडणारा खंड इथे अपवाद राहत नाही, नेहमीची गोष्ट ठरते. भारतातलं चित्र २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात स्पष्ट दिसलं. नोंदींच्या आधारे मोजलं तर दर १०,००० लोकांमागे नर्स आणि प्रसविका मिळून १७.७ येत होत्या. प्रत्यक्ष काम करणाऱ्यांची गणना केली तेव्हा हा आकडा १०.६ वर आला. त्यांतल्या पुरेशी पात्रता असलेल्याच धरल्या तर उरल्या फक्त ६.

रेशनकार्डावर नऊ नावं असली तरी जेवायला पाचच ताटं मांडली जातात, तसं हे आहे. कोणी परगावी गेलेलं असतं, कोणी लग्न होऊन गेलेली असते, कोणाचं नाव कमी करायचं राहून गेलेलं असतं. नर्सच्या नोंदींतही परदेशी गेलेल्या, निवृत्त झालेल्या आणि हयात नसलेल्या व्यक्तींची नावं राहतात. म्हणून १७.७ आणि ६ यांच्यातली सगळी तफावत घरी बसलेल्या नर्सची आहे, असं म्हणणं चूक ठरेल. तरीही त्या तफावतीत त्याही आहेत, आणि त्यांच्या शिक्षणावरचा खर्च समाजानं, त्यांच्या आईवडिलांनी आणि त्यांनी स्वतः आधीच केलेला आहे. एरवी ही माणसं कोणाला आठवत नाहीत, संकट आलं की आठवतात. एप्रिल २०२० मध्ये कोविडची साथ वाढू लागली तेव्हा महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांनी लष्करी वैद्यकीय सेवेतून निवृत्त झालेल्यांना, निवृत्त नर्सना आणि प्रशिक्षण घेऊनही काम न मिळालेल्यांना पुढे येण्याचं आवाहन केलं होतं. ज्यांना संकटात हाक मारायची त्यांची परतीची वाट आधीपासून बांधलेली असावी, ही अपेक्षा रास्तच आहे.

३. जे राहतं

विसरण्याचा पहिला पद्धतशीर अभ्यास हर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकानं केला आणि १८८५ मध्ये तो प्रसिद्ध केला. त्यानं स्वतःच निरर्थक अक्षरजोड्या पाठ केल्या आणि ठरावीक काळानं त्या पुन्हा पाठ करून पाहिल्या. आपण सहसा ‘किती आठवतं?’ असं विचारतो. त्यानं मोजलं ते वेगळं होतं: दुसऱ्यांदा पाठ करायला पहिल्यापेक्षा किती कमी वेळ लागला? ३१ दिवसांनंतरही सुमारे एक पंचमांश वेळ वाचत होता, तोही ज्याला काही अर्थच नाही अशा अक्षरांच्या बाबतीत. याचा अर्थ असा की ‘मला काहीच आठवत नाही’ असं वाटणं आणि खरोखर काहीच न उरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जुन्या शेतातली पाण्याची चारी बुजल्यासारखी दिसते, पण पाणी सोडलं की ते तिथूनच वाट काढतं. नवी चारी खणावी लागत नाही.

अर्थपूर्ण आणि दीर्घकाळ शिकलेल्या ज्ञानाचं काय होतं, हे हॅरी बाहरिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं तपासलं. शाळा-कॉलेजात स्पॅनिश भाषा शिकलेल्या ७३३ जणांची त्यानं चाचणी घेतली. त्यांच्यातल्या काहींचं शिक्षण नुकतंच झालं होतं, तर काहींचं कित्येक दशकांपूर्वी. १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष असे: पहिली तीन ते सहा वर्षं ज्ञान घसरत जातं, पण मग घसरण थांबते आणि जे उरतं ते पुढे तीस वर्षांपर्यंत जवळपास तसंच राहतं. किती उरणार हे प्रामुख्यानं मुळात किती पक्कं शिकलं होतं यावर अवलंबून असतं. परतणाऱ्या नर्ससाठी यात मोठा दिलासा आहे. सहा वर्षांचा खंड आणि बारा वर्षांचा खंड यांत पायाभूत ज्ञानाच्या बाबतीत वाटतो तेवढा फरक नसतो. शरीररचना, संसर्ग कसा पसरतो, शॉकमध्ये गेलेल्या रुग्णाची नाडी आणि रक्तदाब कसे बदलतात, निर्जंतुक आणि अनिर्जंतुक यांतली सीमारेषा कुठे असते, हे सगळं त्या टिकाऊ साठ्यात असतं.

हातांच्या काही सवयीही याच खणात येतात. भाकरी थापणारा हात वर्षभर भाकरी थापली नाही म्हणून पिठाचा अंदाज पूर्णपणे हरवून बसत नाही. पहिल्या दोन भाकऱ्या जरा वेड्यावाकड्या होतात, तिसरी गोल येते. बोटानं शीर चाचपणं, घाबरलेल्या रुग्णाला कुशीवर वळवणं, मुलाला इंजेक्शन देताना आईला विश्वासात घेणं ही कामं याच जातीची आहेत.

४. जे गंजतं

आता दुसरा खण. दिवाळी आली की चकलीच्या भाजणीचं प्रमाण पुन्हा वहीत पाहावं लागतं. बाई तीच, हात तेच, पण तांदूळ किती आणि उडीद किती हे वर्षातून एकदाच लागत असल्यानं पक्कं राहत नाही. भाकरी आणि भाजणी यांत फरक आहे तो पायऱ्यांचा आणि आकड्यांचा. विनफ्रेड आर्थर आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये कौशल्यं कशी ओसरतात यावरच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. सराव थांबल्याचा काळ जसा वाढतो तशी कामगिरी घसरते, हे तर त्यात दिसलंच. त्याशिवाय शारीरिक आणि वेगावर अवलंबून असलेली कामं तुलनेनं टिकतात आणि बौद्धिक, अचूकतेवर अवलंबून असलेली कामं लवकर ओसरतात, हेही स्पष्ट झालं.

हृदयक्रिया बंद पडलेल्या माणसाला सीपीआर देणं हे याचं सर्वांत बोलकं उदाहरण आहे. प्रशिक्षण घेऊन काही महिने लोटले की छाती दाबण्याची खोली, वेग आणि पायऱ्यांचा क्रम यांत चुका होऊ लागतात, असं अभ्यासांत पुन्हापुन्हा दिसलं आहे. हे नियमित नोकरीत असलेल्यांच्या बाबतीतही घडतं, कारण त्यांनाही रोज सीपीआर करावा लागत नाही. म्हणून गंज चढला याचा अर्थ बुद्धी कमी झाली असा नाही. वापर थांबला की गंज चढणारच.

औषधांचं गणित याच खणातलं. एक सोपं उदाहरण घेऊ. डॉक्टरांनी ५०० मिलिलिटर सलाईन चार तासांत द्यायला सांगितलं आहे आणि आयव्ही सेटवर एका मिलिलिटरला २० थेंब असं लिहिलं आहे. एकूण थेंब झाले ५०० गुणिले २०, म्हणजे १०,०००. चार तास म्हणजे २४० मिनिटं. १०,००० भागिले २४० म्हणजे मिनिटाला सुमारे ४२ थेंब. हेच सलाईन इन्फ्युजन पंपावर लावायचं असेल तर ५०० भागिले ४, म्हणजे तासाला १२५ मिलिलिटर हा आकडा भरायचा. मायक्रो सेट असेल तर एका मिलिलिटरला ६० थेंब पडतात, म्हणून तासाला जितके मिलिलिटर तितकेच मिनिटाला थेंब. रोज ड्युटी करणाऱ्या नर्सला हे तोंडपाठ असतं. दहा वर्षांनी परतणारीला रीत आठवते, पण मिनिटं घ्यायची की तास, इथे ती अडखळते. दोन संध्याकाळी अशी पन्नास गणितं सोडवली की गंज उतरतो. दुसऱ्या खणाची चांगली बाजू हीच की आपण कुठे अडखळतो हे माणसाला स्वतःला कळतं, आणि अडखळलेला माणूस विचारतो.

५. जे बदलतं

तिसरा खण शांत असतो, म्हणूनच धोकादायक असतो. आपल्या जुन्या गावातला एखादा रस्ता आपण नसताना एकेरी झाला, अशी कल्पना करा. गावात नवा आलेला माणूस चौकात थांबून पाटी वाचतो. ज्याला गाव पाठ आहे तो पाटीकडे न पाहता सवयीनं गाडी आत घालतो. त्याची आठवण अगदी अचूक असते आणि त्या अचूक आठवणीमुळेच अपघात होतो. विसरलेल्या गोष्टीपाशी मन आपोआप थबकतं. बदललेल्या गोष्टीपाशी ते थबकत नाही, कारण आतून कोणतीही शंका उठत नाही.

वॉर्डातले असे एकेरी झालेले रस्ते पुष्कळ आहेत. अमेरिकन हार्ट असोसिएशननं २०१० मध्ये सीपीआरचा क्रम बदलला. आधी श्वासमार्ग, मग श्वास, मग छाती दाबणं असा क्रम होता. आता मोठ्या माणसाच्या बाबतीत सुरुवातच छाती दाबण्यापासून करायची असते. २०१५ च्या सूचनांनी वेग मिनिटाला १०० ते १२० आणि खोली सुमारे ५ ते ६ सेंटिमीटर अशी मर्यादा घालून दिली. २००८ मध्ये शिकलेला क्रम जिला उत्तम पाठ आहे, ती पहिले मौल्यवान क्षण तोंडाकडे घालवेल. जैववैद्यकीय कचऱ्याचंही तसंच आहे. १९९८ च्या नियमांनुसार रक्त लागलेला कापूस आणि ड्रेसिंग पिवळ्या किंवा लाल पिशवीत चालायचं. २०१६ च्या नियमांनी ते फक्त पिवळ्या पिशवीत घालायला सांगितलं. लाल पिशवी उरली ती सलाईनच्या नळ्या, कॅथेटर, हातमोजे अशा प्लास्टिक-रबरासाठी. सुया आणि ब्लेड पांढऱ्या, न भोसकल्या जाणाऱ्या डब्यात जातात आणि काच निळ्या डब्यात. जिला जुनी रंगसंगती पक्की आठवते तिचा हात आपोआप लाल पिशवीकडे जातो.

इन्सुलिनचं उदाहरण आणखी गंभीर आहे. भारतात इन्सुलिनच्या कुपीत एका मिलिलिटरला ४० युनिट हे प्रमाण वर्षानुवर्षं रूढ आहे आणि त्यासाठीची सिरिंज लाल टोपणाची असते. पेनमधल्या काडतुसांत आणि काही कुप्यांत मात्र एका मिलिलिटरला १०० युनिट असतात, आणि त्यांची सिरिंज नारिंगी टोपणाची. आता १०० युनिट प्रमाणाचं इन्सुलिन चुकून लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये दहाच्या खुणेपर्यंत ओढलं, तर काय होईल? त्या सिरिंजवर दहाची खूण म्हणजे पाव मिलिलिटर. १०० युनिटचा पाव म्हणजे २५. डॉक्टरांनी १० युनिट लिहिले आणि रुग्णाच्या अंगात २५ गेले, म्हणजे अडीचपट. साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जायला एवढं पुरतं. ‘इन्सुलिन म्हणजे लाल टोपण’ ही सवय जिच्या हातात मुरलेली आहे, तिला इथे आठवणीचा उपयोग नाही. कुपीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा प्रत्येक वेळी मिळवून पाहण्याची नवी सवय लावावी लागते.

पॅट्रिशिया बेनर या अमेरिकी नर्सिंग-अभ्यासक विदुषीनं १९८४ मध्ये नवशिकी ते तज्ज्ञ अशा पाच पायऱ्या मांडल्या. तिच्या मांडणीतला एक मुद्दा इथे फार उपयोगी आहे. नर्सची पायरी तिच्या वयाला किंवा पदवीला चिकटलेली नसते, कामाच्या जागेशी बांधलेली असते. शस्त्रक्रिया विभागात तज्ज्ञ असलेली नर्स नवजात शिशूंच्या अतिदक्षता विभागात गेली तर तिथे ती नवशिकी ठरू शकते. दहा वर्षांनंतरचा वॉर्ड हीसुद्धा अंशतः नवी जागाच असते. यात कमीपणा काही नाही, आणि हे मान्य केलं की पुढचं शिकणं सोपं होतं.

६. परत शिकायचं कसं

जुनी पुस्तकं काढून वाचत बसावं, हा पहिला विचार मनात येतो. पण वाचनानं ओळख पटते, आठवण तयार होत नाही. रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. काहींनी उतारा पुन्हापुन्हा वाचला, काहींनी एकदा वाचून मग पुस्तक मिटून आठवेल ते लिहिलं. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानं घेतलेल्या चाचणीत आठवून लिहिणारे पुढे गेले. म्हणून पहिला नियम: पुस्तक मिटा आणि कोऱ्या कागदावर पायऱ्या लिहा, मग ताडून पाहा. या रीतीचा परतणारीला दुहेरी फायदा आहे. आठवण पक्की होते आणि चूक कुठे आहे हेही उघडं पडतं. तिसऱ्या खणातल्या चुका तर याशिवाय दिसतच नाहीत.

दुसरा नियम अंतराचा. कॅनडातल्या टोरांटोमध्ये ३८ कनिष्ठ शल्य-निवासी डॉक्टरांना बारीक रक्तवाहिन्या जोडण्याचं कौशल्य चार सत्रांत शिकवलं गेलं. अर्ध्यांना चारही सत्रं एकाच दिवशी दिली, अर्ध्यांना आठवड्याला एक. महिन्यानंतर ज्यांची सत्रं आठवड्यांवर पसरली होती त्यांचं काम सरस ठरलं. शिकवण्याचे तास सारखेच होते, बदललं होतं ते फक्त त्यांच्यातलं अंतर. आपल्याकडे दोन दिवसांची कार्यशाळा उरकून प्रमाणपत्र देण्याची पद्धत रूढ आहे. तेच बारा तास सहा आठवड्यांवर पसरले तर त्याच पैशांत अधिक टिकाऊ काम होईल.

तिसरा नियम नजरेचा. एखादी कृती बरोबर झाली की नाही, हे करणाऱ्याला नेहमी कळत नाही. तिसऱ्या खणात तर ते कळणं जवळपास अशक्य असतं. म्हणून सध्याच्या पद्धती जाणणारी एक अनुभवी सिस्टर शेजारी हवी, आणि तिला त्या काळापुरतं इतर रुग्णांचं ओझं कमी करून द्यायला हवं. स्वतःचे पंधरा-वीस रुग्ण सांभाळून जमलंच तर नवीला पाहा, असं सांगणं म्हणजे कोणीच न पाहणं.

हे तीन नियम एकत्र केले तर आठ आठवड्यांचा नमुना असा दिसेल. समजा, एक नर्स सर्जिकल वॉर्डात सहा वर्षं काम करून नऊ वर्षं घरी होती. पहिल्या आठवड्यात रुग्ण नाहीत. लेखी आणि प्रात्यक्षिक चाचणी घेऊन तिची कौशल्यं तीन खणांत वाटायची आणि तिसऱ्या खणाची यादी आधी हातात द्यायची. दुसऱ्या आणि तिसऱ्या आठवड्यात पुतळ्यावर सीपीआर, औषधांची गणितं, इन्फ्युजन पंप, संगणकावरच्या नोंदी. हे सगळं थोडं थोडं, एक दिवसाआड. चौथ्या ते सहाव्या आठवड्यात दिवसपाळीत मार्गदर्शक सिस्टरच्या बरोबरीनं रुग्ण, सुरुवातीला दोन, मग चार. सातव्या आठवड्यात तिनं स्वतः हॅन्डओव्हर द्यायचा आणि इन्चार्ज सिस्टरनं ऐकायचा. आठव्या आठवड्यात सोबतीची एक रात्रपाळी, पुन्हा एकदा पहिलीच चाचणी, आणि मगच स्वतंत्र ड्युटी. पुढे तीन महिन्यांनी सीपीआरची उजळणी ठेवायची, कारण गंज पुन्हा चढतोच.

७. नियम काय सांगतात

ब्रिटनमध्ये हा विचार नियमांत उतरलेला आहे. फिजिओथेरपिस्ट, रेडिओग्राफर आदींची नोंदणी करणारी तिथली परिषद खंडाच्या लांबीनुसार तयारी ठरवते. दोन वर्षांपर्यंतच्या खंडाला काही अट नाही, दोन ते पाच वर्षांना ३० दिवसांची उजळणी लागते आणि पाच वर्षांहून अधिक खंडाला ६० दिवसांची. नर्सना तिथे नोंदणी टिकवण्यासाठी तीन वर्षांत किमान ४५० तास प्रत्यक्ष काम आणि ३५ तास शिक्षण दाखवावं लागतं. ते जमलं नाही तर परतीसाठीचा अभ्यासक्रम किंवा क्षमता-चाचणी असा ठरलेला मार्ग आहे. बाहरिकच्या निष्कर्षाशी हे जुळतं: सुरुवातीच्या वर्षांत घसरण वेगानं होते, म्हणून टप्पेही तिथेच आहेत.

आपल्याकडे महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडच्या नोंदणीचं दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं, आणि इंडियन नर्सिंग कौन्सिलनं त्यासाठी पाच वर्षांत १५० तासांच्या निरंतर शिक्षणाचं सूत्र घालून दिलं आहे. परतणारीनं पहिलं काम हेच करावं: नोंदणीची मुदत तपासावी, थकलेलं नूतनीकरण करून घ्यावं, लग्नानंतर नाव बदललं असेल तर कागदपत्रांत ते एकसारखं करून घ्यावं. मात्र या सूत्राची मर्यादाही ओळखायला हवी. खुर्चीत बसून ऐकलेल्या व्याख्यानांचे तास मोजले जातात, हात काय करतात हे मोजलं जात नाही. १५० तास पूर्ण करूनही इन्सुलिनची सिरिंज चुकू शकते. संसदेनं २०२३ मध्ये राष्ट्रीय परिचर्या आणि प्रसविका आयोगाचा कायदा मंजूर केला, तो १९४७ च्या जुन्या कायद्याची जागा घेण्यासाठी. खंडानंतरच्या परतीसाठी हात तपासणारा मार्ग घालून देण्याची ही योग्य संधी आहे.

८. आक्षेप आणि त्यांची उत्तरं

पहिला आक्षेप रुग्णाच्या सुरक्षेचा: इतक्या वर्षांनी आलेल्या माणसाच्या हाती जीव का सोपवायचा? आक्षेप अगदी योग्य आहे, आणि म्हणूनच तपासणी हवी. पण परतीचा औपचारिक मार्ग नसला म्हणून परतणं थांबत नाही. गरजू नर्स छोट्या नर्सिंग होममध्ये कोणत्याही चाचणीविना दुसऱ्याच दिवशी ड्युटीवर उभी राहते. सुरक्षेची काळजी खरी असेल तर दार बंद करण्यापेक्षा दारात तपासणी ठेवणं अधिक उपयोगाचं.

दुसरा आक्षेप वयाचा. रात्रपाळी, तासन्‌तास उभं राहणं, रुग्ण उचलणं हे चाळिशीनंतर जड जातं, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण प्रत्येक जागा तशी नसते. बाह्यरुग्ण विभाग, लसीकरण, डायलिसिस, संसर्ग-नियंत्रण, विद्यार्थिनींना वॉर्डात शिकवणं, अशा ठिकाणी परिपक्वता ही जमेची बाजू आहे. राज्य सरकारी नोकरीत थेट भरतीची सर्वसाधारण कमाल वयोमर्यादा खुल्या प्रवर्गाला ३८ आणि मागास प्रवर्गांना ४३ आहे. पस्तिशीत घरी थांबलेली नर्स मुलं मोठी करून ४४ व्या वर्षी परत येते तेव्हा अनुभव जमेस असूनही हे दार मिटलेलं असतं. नोंदणीकृत आणि पुनर्प्रशिक्षित नर्ससाठी या मर्यादेत सवलत द्यावी, हे म्हणणं अवाजवी नाही.

तिसरा आक्षेप हॉस्पिटलचालकांचा: आठ आठवडे पगार देऊन शिकवायचं आणि ती पुन्हा सोडून गेली तर? त्यांनी दुसरी बाजूही मोजावी. नवी जीएनएम नर्स घडायला तीन वर्षं लागतात, आणि पदविका हाती आल्यावरही तिला पहिले काही महिने सोबत लागतेच. परतणारीला लागतात साधारण साठ दिवस, आणि तिच्याकडे काही वर्षांचा अनुभव असतो. ती सोडून का जाते, हाही प्रश्न स्वतःला विचारायला हवा. २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन अपत्यांसाठी मातृत्व रजा २६ आठवड्यांची झाली, आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. पाळणाघर नीट चालवलं तर खंडच लहान होतो, आणि लहान खंडानंतरची परती स्वस्त पडते.

चौथा आक्षेप सर्वांत अवघड आहे: तरुण नर्सनाच तुटपुंज्या पगारावर राबावं लागतं, मग जुन्यांना कशाला बोलवायचं? हा आक्षेप नर्सची टंचाई कुठून येते याच्या मुळाला हात घालतो. टंचाई जितकी माणसांची आहे तितकीच मंजूर पदांची आणि वेतनाची आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निर्देशानंतर नेमलेल्या समितीनं ५० पेक्षा कमी खाटांच्या खासगी हॉस्पिटलातही नर्सला महिना किमान २०,००० रुपये मिळावेत, अशी शिफारस केली होती. ज्या व्यवसायात असा किमान आकडा समितीला सांगावा लागतो, तिथून माणसं निघून जातात आणि परत येताना दहादा विचार करतात. पुनर्प्रशिक्षण हा वेतनाला पर्याय होऊ शकत नाही, आणि कमी पगारात अनुभवी हात मिळवण्याची युक्ती म्हणून तर ते कधीच वापरलं जाऊ नये. परतणारीला तिच्या जुन्या अनुभवाची वर्षं मोजून वेतन मिळालं, तर तरुण नर्सचा पगारही खाली ओढला जाणार नाही.

९. पहिल्या दिवशी विचारायचा प्रश्न

ज्या नर्सच्या किंवा ब्रदरच्या मनात परतण्याचा विचार आहे त्यांनी आज एक कागद घ्यावा आणि त्यावर तीन रकाने आखावेत. पहिल्यात अजून खात्रीनं येतं ते लिहावं. दुसऱ्यात अडखळायला होतं ते लिहावं. हे दोन रकाने स्वतःच्या बळावर भरता येतात. तिसरा रकाना ‘बदललेलं’ हा, आणि तो एकटीनं भरता येत नाही, कारण बदल आपल्या गैरहजेरीत झालेला असतो. त्यासाठी आज वॉर्डात असलेल्या कोणाला तरी पहिल्या रकान्यातली एक एक ओळ वाचून दाखवावी लागते आणि प्रत्येक ओळीला विचारावं लागतं: ‘हे अजून असंच करतात का?’ पहिल्या रकान्यातल्या काही ओळी मग तिसऱ्यात जातील. गेलेली प्रत्येक ओळ म्हणजे एखाद्या रुग्णावरचं टळलेलं संकट असेल.

हॉस्पिटलनंही दारात आलेल्या अशा नर्सला ‘तुम्हाला काय काय येतं?’ एवढंच विचारून थांबू नये. ती गेल्यानंतर वॉर्डात काय काय बदललं, याची यादी तिच्या हातात पहिल्याच दिवशी ठेवावी. ‘मला आता जमेल का?’ या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिच्याकडे असतं आणि अर्धं त्या यादीत.